घोड्याचे दान आणि कलकत्त्याचा बॅरिस्टर

जळगाव, धुळे : जिल्हास्तरीय बुद्धिबळ स्पर्धांच्या सभागृहात एक प्रसंग अधूनमधून हमखास घडतो. काळी मोहरी घेतलेल्या खेळाडूने पेट्रॉफ बचावाचा सुरक्षित मानला गेलेला मार्ग निवडलेला असतो. डाव शांतपणे पुढे जाईल, अशी त्याची अपेक्षा असते आणि चौथ्याच चालीला समोरचा पांढरा घोडा थेट राजाच्या अंगणात उडी घेतो. राजाला तो घोडा मारावाच लागतो. एक घोडा गमावून पांढऱ्याच्या हाती लागलेली असतात अवघी दोन प्यादी. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, की मुलाचा हात चुकला. प्रत्यक्षात ती पावणेदोनशे वर्षांची जुनी चाल असते आणि तिचा जन्म लंडनमध्ये किंवा पॅरिसमध्ये झालेला नसून कलकत्त्यात, एका बंगाली ब्राह्मणाविरुद्धच्या डावात झालेला आहे. तिला कॉक्रेन गँबिट म्हणतात.

ही चाल बरोबर की चूक, याचा वाद आजही संपलेला नाही. संगणकाने आपला निकाल दिला आहे. तरीही ती खेळणारे खेळतात आणि तिला बळी पडणारे पडतात. हा वाद समजून घ्यायचा, तर ती चाल ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉन कॉक्रेनचे आयुष्य पाहावे लागते. कारण पटावर घोडा देऊन काय मिळते, या प्रश्नाइतकाच त्याच्या आयुष्यातला प्रश्नही अवघड होता. ऐन उमेदीत युरोपातील नावलौकिक सोडून तो हिंदुस्थानात आला. या सौद्यात त्याने काय गमावले आणि काय कमावले?

बेलेरोफॉनवरचा पोर

कॉक्रेनचा जन्म १७९८ चा. तो मूळचा स्कॉटिश. कोवळ्या वयातच तो ब्रिटिश नौदलात शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या पराभवानंतर नेपोलियनने ज्या जहाजावर शरणागती पत्करली, त्या बेलेरोफॉन या युद्धनौकेवर तो त्या वेळी होता, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. सतरा वर्षांच्या मुलाने साऱ्या युरोपला शह देणारा सम्राट कैदी म्हणून जहाजाची शिडी चढताना पाहिला असेल, तर ते दृश्य जन्मभर पुरणारे होते.

युद्ध संपले आणि नौदलातील तरुणांचे भवितव्यही संपले. शांततेच्या काळात बढतीची आशा उरली नाही. कॉक्रेनने जहाज सोडले आणि कायद्याच्या अभ्यासाला लागला. बुद्धिबळाच्या पटाशी त्याचा संबंध याच काळात घट्ट झाला. वयाच्या विशीत तो इंग्लंडमधील आघाडीच्या खेळाडूंत गणला जाऊ लागला.

त्या काळी बुद्धिबळाची राजधानी पॅरिस होती. १८२१ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट क्लाऊड येथे कॉक्रेनने देशापेल आणि ला बूर्दोने या दोन फ्रेंच दिग्गजांशी पट मांडला. देशापेल त्या वेळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. ला बूर्दोने त्याचा शिष्य आणि वारसदार. या तिरंगी सामन्यात तरुण कॉक्रेनची डाळ शिजली नाही. मात्र, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर बसून आपण कुठे आहोत, हे त्याला कळले. पुढच्याच वर्षी, १८२२ मध्ये, त्याने बुद्धिबळावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील बराच भाग जुन्या फ्रेंच आणि इटालियन ग्रंथांवर आधारलेला होता. तरीही चोवीस वर्षांच्या खेळाडूने इंग्रजी वाचकांसाठी एवढे साहित्य एकत्र आणावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. कॉक्रेनच्या ग्रंथाच्या आठ वर्षे आधी, १८१४ मध्ये, मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले होते. त्याचा कर्ता त्रेवंगडाचार्य शास्त्री हा दाक्षिणात्य पंडित. मूळ संस्कृतातील बुद्धिबळाच्या अडचणीच्या स्थिती त्याने युरोपीय पद्धतीच्या नियमांत बसवून मांडल्या होत्या. हिंदुस्थानी बुद्धिबळ आणि विलायती बुद्धिबळ यांच्यामधली वेस ओलांडण्याचा हा एक प्रारंभीचा प्रयत्न होता. त्याच वेशीवर पुढे कॉक्रेनचे अर्धे आयुष्य जाणार होते.

अर्ध्यावर सोडलेला सामना

१८२४ मध्ये लंडन आणि एडिनबरो या दोन शहरांच्या बुद्धिबळ मंडळांमध्ये टपालाने खेळायचा सामना सुरू झाला. एकेक चाल पत्राने जायची, उत्तर पत्राने यायचे. लंडनच्या संघात कॉक्रेन होता. राजापुढचे प्यादे, मग घोडा आणि तिसऱ्याच चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्यभाग मोकळा करायचा, हा आक्रमक प्रारंभ लंडनने स्वीकारला, त्यामागे कॉक्रेनचा आग्रह होता. पण सामना रंगात असतानाच त्याने हिंदुस्थानचे जहाज पकडले. बॅरिस्टर झालेल्या तरुणाला पोटापाण्याचा विचार करणे भाग होते आणि कलकत्त्याच्या न्यायालयात कर्तृत्वाला वाव होता.

त्याच्या पश्चात लंडनच्या संघाला तो डाव सांभाळता आला नाही. एडिनबरोने तोच प्रारंभ उचलून लंडनविरुद्ध वापरला आणि १८२८ मध्ये संपलेला सामना जिंकला. विजेत्यांच्या प्रांतावरून त्या प्रारंभाला स्कॉच हे नाव पडले. कॉक्रेन स्वतः स्कॉटिश असला, तरी त्या सामन्यात तो पराभूत लंडनच्या बाजूचा होता. त्याने पेरले आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात गेले.

त्या सुमारास आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे करून खानदेशाचा कारभार कंपनीच्या पद्धतीने बसवायला घेतला होता, तो हाच काळ. कंपनी सरकारचे राज्य देशभर पसरत होते आणि त्याबरोबर न्यायालये, वकील आणि खटलेही. कलकत्ता ही या राज्याची राजधानी. कॉक्रेनने तिथे वकिलीत जम बसवला आणि पुढे तिथल्या अग्रगण्य बॅरिस्टरांत त्याची गणना होऊ लागली.

युरोपच्या बुद्धिबळासाठी मात्र तो जवळजवळ नाहीसा झाला. ज्या वर्षांत ला बूर्दोने आणि मॅक्डोनेल यांचे गाजलेले सामने लंडनमध्ये झाले, ती १८३४ ची वर्दळ त्याला कलकत्त्यातून, महिनोन् महिने उशिरा येणाऱ्या बातम्यांतून कळत असणार. खेळाडूची ऐन भराची वर्षे पंचविशी ते चाळिशीची. तीच त्याने तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांपासून हजारो मैल दूर घालवली.

स्टाँटनसमोर

१८४१ मध्ये दीर्घ रजेवर तो इंग्लंडला परतला. तेव्हा हॉवर्ड स्टाँटन हा नवा तारा उगवत होता. पुढच्या दोन वर्षांत कॉक्रेन आणि स्टाँटन यांनी शेकडो डाव खेळले. बहुतांश डाव स्टाँटनने जिंकले. पण त्या डावांनी स्टाँटनची तयारी करून घेतली, असे बुद्धिबळाचे इतिहासकार मानतात. १८४३ च्या अखेरीस स्टाँटनने पॅरिसमध्ये सेंट आमाँ याला हरवून फ्रेंचांची मक्तेदारी मोडली आणि युरोपातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले. त्या वर्षी कॉक्रेन पुन्हा हिंदुस्थानच्या वाटेला लागला होता.

कॉक्रेनच्या खेळाची जात या डावांतून स्पष्ट दिसते. तो हल्लेखोर होता. मोहरी झटपट बाहेर काढावी, रेषा उघडाव्यात, राजावर चाल करून जावे आणि त्यासाठी प्यादे किंवा मोहरे द्यावे लागले, तर हिशेब करीत बसू नये, हा त्याचा खाक्या. त्याच्या कल्पना देखण्या असत. चिकाटीने बचाव करणाऱ्यासमोर मात्र त्या अनेकदा तोकड्या पडत. स्टाँटन असा चिकट बचाव करणारा होता.

मुफस्सिलातला खेळाडू

कलकत्त्याला परतल्यावर कॉक्रेनला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणे कठीण होते. तो मिळाला १८४८ च्या सुमारास आणि तोही गोऱ्या क्लबातून नव्हे. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातील एका सभासदाला शहरापासून दूर, मुफस्सिल भागात, एक ब्राह्मण खेळाडू आढळला. आसपास त्याला कोणी हरवू शकत नसे. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी नोंदींत हे नाव इतक्या विविध प्रकारे लिहिले गेले आहे, की त्यावरून त्याची ओळख पटवणेही कठीण जावे. कॉक्रेनच्या कानावर ही बातमी गेली आणि महेशचंद्रला कलकत्त्याला बोलावणे गेले.

महेशचंद्र खेळत होता ते देशी बुद्धिबळ. प्रांतोप्रांती त्याच्या नियमांत थोडा फरक असे, पण ठळक गोष्टी सारख्या होत्या. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. विलायती पद्धतीचा किल्लेकोट नव्हता. शह बसलेला नसेल, तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याचे ते घर, ते मोहरे त्याला मिळे. महाराष्ट्रातल्या वाड्यांच्या ओसऱ्यांवर आणि देवळांच्या पायऱ्यांवर वडीलधाऱ्यांनी मांडलेले डाव ज्यांना आठवतात, त्यांना हे नियम अनोळखी वाटणार नाहीत.

प्यादे एकेकच घर चालत असल्यामुळे देशी डाव सावकाश उलगडत असे. उंटाला वाट देण्यासाठी कडेचे प्यादे एक घर सरकवायचे, उंट लांबच्या तिरप्या रेषेवर बसवायचा आणि प्रतिस्पर्ध्याला मध्यभाग घेऊ देऊन नंतर त्यावर घाव घालायचा, ही रीत त्या नियमांत सहज बसणारी होती. महेशचंद्रने विलायती नियम शिकून घेतले, पण ही रीत सोडली नाही. त्याला पुढे क्लबाने पगारावर ठेवून घेतले. गोऱ्या सभासदांशी खेळणे हेच त्याचे काम झाले.

कॉक्रेन आणि महेशचंद्र यांनी एकमेकांविरुद्ध पुढच्या दहा-बारा वर्षांत शेकडो डाव मांडले. सोमचरण नावाच्या आणखी एका हिंदी खेळाडूशीही कॉक्रेनचे डाव झाले. एकंदर हिशेबात पारडे कॉक्रेनचे जड राहिले, पण महेशचंद्रने त्याला अनेकदा चारीमुंड्या चीत केले. हे डाव टिकले, याचे श्रेय कॉक्रेनला द्यावे लागते. त्याने ते लिहून ठेवले आणि लंडनच्या नियतकालिकांपर्यंत पोचवले. एरवी बंगालच्या खेड्यातील त्या माणसाचे नावही आज कोणाला ठाऊक नसते.

चौथी चाल

या डावांपैकीच १८४८ च्या एका डावात कॉक्रेनने ती प्रसिद्ध चाल केली. दोन्ही बाजूंनी राजापुढची प्यादी दोन घरे पुढे आली. पांढऱ्याने घोडा काढून काळ्या प्याद्यावर रोख धरला. काळ्याने प्याद्याचे रक्षण न करता स्वतःचा घोडा काढून पांढऱ्या प्याद्यावर तसाच रोख धरला. हा पेट्रॉफ बचाव. पांढऱ्या घोड्याने प्यादे मारले. काळ्याने वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या घोड्याला हाकलले. इथे घोड्याने मुकाट माघारी यावे, अशी अपेक्षा असते. कॉक्रेनने त्याच घोड्याने काळ्या राजाच्या उंटापुढचे प्यादे मारले.

त्या घरातून घोडा एकाच वेळी वजीर आणि हत्ती या दोघांवर रोख धरतो. त्यामुळे राजाला तो मारण्यावाचून गत्यंतर नसते. राजा हलला, की त्याचा किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेला. आता पटावर हिशेब असा : पांढऱ्याने एक घोडा दिला, दोन प्यादी घेतली. प्याद्याची किंमत एक आणि घोड्याची तीन मानली, तर पांढरा एका प्याद्याइतका तोट्यात आहे. मोबदल्यात काळ्याचा राजा उघड्यावर आला आहे आणि पांढऱ्याकडे मध्यभागी पुढे सरकणारी प्याद्यांची भक्कम फळी तयार होण्याजोगी आहे.

गँबिट हा शब्द इटालियन भाषेतल्या पाय या अर्थाच्या शब्दावरून आला. कुस्तीत टांग मारून गड्याला पाडावे, तसा त्याचा मूळ भाव. सोळाव्या शतकात रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने तो बुद्धिबळात आणला. पण टांग मारणाऱ्याचा स्वतःचा एक पाय जमिनीवरून सुटतो, हेही त्यात आले. डाव लागला नाही, तर पडतो तो मारणाराच.

जमा आणि खर्च

त्या काळी गँबिट खेळणे हा शूरपणाचा मामला होता. राजाचा गँबिट, कॅप्टन इव्हान्स या वेल्श दर्यावर्दीने रूढ केलेला इव्हान्स गँबिट यांची चलती होती. पण त्या साऱ्यांत मुळात एक प्यादे द्यावे लागे. कॉक्रेनच्या चालीत अख्खा घोडा द्यावा लागतो, तोही पटावरची फौज अजून बाहेर पडलेली नसताना. म्हणून तिची झाडाझडती अधिक कडक होते.

जमेच्या बाजूला पहिली गोष्ट म्हणजे काळ्याच्या राजाची अडचण. राजाला सुरक्षित घरी पोचवण्यासाठी काळ्याला चार-पाच चाली खर्चाव्या लागतात आणि तोपर्यंत हत्ती कोपऱ्यात अडकून राहतो. दुसरी गोष्ट मध्यभागाची. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की त्याची दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि त्यांच्या आडोशाने बाकी फौज बाहेर पडते. या वेळी काळ्याने मोहाने घोड्याकडून मधले प्यादे मारले, तर वजिराच्या शहाने डाव उलटतो आणि तो घोडाही सहसा हातचा जातो. तिसरी गोष्ट पटाबाहेरची आहे. पेट्रॉफ बचाव निवडणारा खेळाडू बहुधा शांत, बरोबरीच्या डावाच्या अपेक्षेने बसलेला असतो. चौथ्या चालीला त्याची ती अपेक्षा मोडते.

खर्चाची बाजूही तितकीच ठोस आहे. काळ्याची कोणतीही कायमची कमजोरी पांढऱ्याला मिळत नाही. राजाची अडचण तात्पुरती असते. काळ्याने घाई न करता मोहऱ्यांची अदलाबदल केली आणि राजा आडोशाला नेला, तर हल्ल्याची धार बोथट होत जाते आणि शेवटी एक मोहरे जास्त, ही गोष्ट उरते. शिवाय पांढऱ्याकडे ताबडतोब मात करण्याची कोणतीही ठाम वाट नाही. त्याला दबाव ठेवत राहावे लागते आणि दबाव ठेवताना एक चाल जरी ढिली पडली, तर घोड्याची किंमत वसूल होत नाही.

महेशचंद्रने ही परीक्षा वारंवार दिली. या डावांत कॉक्रेनने बहुधा आधी उंटाने शह देण्याचा मार्ग धरला. आजच्या जाणकारांना तो तितकासा पटत नाही. आधी मध्यभाग घ्यावा, शहाची घाई करू नये, असे ते मानतात. म्हणजे ज्याने चाल शोधली, त्यालाही तिचा सर्वांत चांगला उपयोग पूर्णपणे सापडला नव्हता. यात कमीपणा नाही. समोर ग्रंथ नव्हता, प्रशिक्षक नव्हता आणि आधी कोणी त्या वाटेने गेलेले नव्हते.

शंभर पौंड आणि एक विस्मृत डाव

१८५१ मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. स्टाँटन तिचा सूत्रधार होता. स्पर्धेच्या निधीला कलकत्त्याच्या क्लबाने शंभर पौंडांची देणगी पाठवली. त्या काळी ही मोठी रक्कम होती आणि तिच्यामागे कॉक्रेनचा पुढाकार होता. स्पर्धा जर्मनीच्या अँडरसनने जिंकली. युरोपातले नामवंत खेळाडू एकत्र आले होते. कॉक्रेन कलकत्त्यातच राहिला आणि महेशचंद्रला तिथे नेण्याची तर कोणाला कल्पनाही सुचली नसावी.

१८५५ च्या मे महिन्यात या दोघांचा आणखी एक डाव झाला. कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे पुढे केले. महेशचंद्रने घोडा काढला, उंटासाठी वाट केली आणि मग तिसऱ्या चालीला मध्यभागावर थेट प्याद्याने धडक दिली. नेमक्या याच क्रमाने १९२२ मध्ये ऑस्ट्रियाचा एर्न्स्ट ग्रुनफेल्ड खेळला आणि जगाने त्या प्रारंभाला ग्रुनफेल्ड बचाव असे नाव दिले. कास्पारोव्हसारख्या विश्वविजेत्यांनी पुढे तो हत्यार म्हणून वापरला. महेशचंद्रने तो सदुसष्ट वर्षे आधी कलकत्त्यात खेळला होता.

नाव अगदीच गेले, असेही नाही. उंट कडेच्या तिरप्या रेषेवर बसवून खेळायच्या प्रारंभांना १८८० च्या दशकात इंडियन डिफेन्स हे नाव मिळाले आणि ते महेशचंद्रच्या खेळावरून आले, असे मानले जाते. किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन, क्वीन्स इंडियन ही आज रोज घेतली जाणारी नावे त्याच घराण्यातली. त्यात देशाचे नाव आहे, माणसाचे नाही. ज्या सावकाश रीतीला त्या काळचे युरोपीय खेळाडू विचित्र समजत, ती विसाव्या शतकात शास्त्रशुद्ध ठरली. ज्या धाडसी घोड्याच्या चालीवर तेव्हा लोक खूश होत, ती शंकास्पद ठरली. दोघांपैकी नाव मात्र शंकास्पद चालीच्या धन्याचे लागले.

पुढे ऐंशी वर्षांनी पंजाबच्या मीर सुलतान खान याने देशी नियमांवर वाढूनही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली. तशी संधी महेशचंद्रला मिळाली असती, तर काय झाले असते, याचे उत्तर आता मिळणार नाही. त्याच्या वाट्याला क्लबाची पगारी जागा आणि एका उदार मनाच्या बॅरिस्टरची वही एवढेच आले.

अखेरची वर्षे

कॉक्रेन १८७० च्या सुमारास हिंदुस्थान कायमचा सोडून लंडनला परतला. मुंबई आणि कलकत्ता भुसावळमार्गे रेल्वेने जोडले गेले, तेही १८७० मध्येच. त्याच्या हयातीत कलकत्त्याचे जुने सर्वोच्च न्यायालय जाऊन १८६२ मध्ये हायकोर्ट आले होते, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले होते. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांचा काळ, मधली रजा वगळता, त्याने इथे काढला होता.

परतल्यावरही हिंदुस्थान त्याच्या मनातून गेला नाही. १८७२ मध्ये त्याने बंगालच्या दायभाग या वारसाहक्काच्या शास्त्राची पाठराखण करणारे पुस्तक लिहिले. प्रसन्नकुमार ठाकूर यांच्या मृत्युपत्रावरून गाजलेल्या खटल्याची त्याला पार्श्वभूमी होती. धर्मांतर केलेल्या मुलाला वारशातून वगळण्याचा तो प्रश्न होता. महाराष्ट्रात मिताक्षरेचा कायदा चाले, बंगालात दायभागाचा. वडिलांचा मिळकतीवरचा अधिकार हा त्यातला एक कळीचा भेद. एका स्कॉटिश बॅरिस्टरने सत्तरी ओलांडल्यावर या भेदाची चिकित्सा करीत बसावे, यावरून त्याने इथल्या व्यवहारात किती लक्ष घातले होते, ते दिसते.

लंडनच्या क्लबांतून तो पुन्हा पटावर दिसू लागला. पण काळ बदलला होता. श्टाइनिट्झ याने आता नवा विचार मांडायला सुरुवात केली होती. आधी स्थिती मजबूत करा, छोटे छोटे फायदे साठवा, मगच हल्ला करा. मोहऱ्याची किंमत वसूल होणार असेल, तरच ते द्या, असा त्याचा सांगावा. गँबिटच्या सुवर्णयुगाचा तो उतार होता. २ मार्च १८७८ रोजी कॉक्रेनचे लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता.

निकाल अजून बाकी

कॉक्रेनची ती चाल त्याच्यानंतर बराच काळ ग्रंथांच्या तळटीपांत पडून राहिली. गंभीर स्पर्धांत ती खेळणे म्हणजे आत्मघात, असा समज होता. १९९९ मध्ये स्पेनमधील लिनारेस येथील बलाढ्य स्पर्धेत बल्गेरियाच्या व्हेसेलिन टोपालोव्हने ती रशियाच्या व्लादिमीर क्रॅमनिकविरुद्ध खेळून साऱ्यांना चकित केले. क्रॅमनिक हा पेट्रॉफ बचावाचा निष्णात जाणकार. पुढच्याच वर्षी तो कास्पारोव्हला हरवून विश्वविजेता झाला. तो डाव बरोबरीत सुटला. कलकत्त्याच्या बॅरिस्टरची घोडचूक समजली गेलेली चाल दीडशे वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एकासमोर टिकली.

आजचे संगणकीय कार्यक्रम काळ्याच्या बाजूने कौल देतात. अचूक खेळल्यास काळ्याची स्थिती वरचढ राहते, यात आता फारसा वाद उरलेला नाही. पण अचूक खेळल्यास, ही अटच मोठी आहे. मोबाईलवर तीन-पाच मिनिटांच्या डावांत बसणाऱ्या खेळाडूकडे तेवढा वेळ नसतो. पाठ केलेल्या चाली पाचव्या-सहाव्या चालीला संपतात आणि मग उघड्यावरच्या राजाचे काय करायचे, हे स्वतःच शोधावे लागते. तिथे पांढऱ्याची बाजू खेळायला कितीतरी सोपी पडते. म्हणून प्रदीर्घ वेळेच्या डावात ही चाल जपून वापरावी, जलद डावात तिला घाबरून असावे आणि पेट्रॉफ खेळणाऱ्याने तिची उत्तरे आधीच तयार ठेवावीत, हा सल्ला व्यवहाराला धरून आहे.

जळगावात जैन स्पोर्ट्स अकादमीमुळे बुद्धिबळाला मोठे व्यासपीठ मिळाले आहे. धुळ्यातही शाळकरी खेळाडूंची नवी पिढी पटाशी बसते आहे. या मुलांना नियम आता एकच, जागतिक. प्यादे दोन घरे जाते आणि किल्लेकोट सर्वांना ठाऊक असतो. त्यांच्यातल्या एखाद्याने चौथ्या चालीला घोडा दिला, तर त्या चालीत कॉक्रेनचा उतावीळपणा आणि हिंमत दोन्ही असतात. आणि समोरच्या मुलाने न गडबडता राजा एकेक घर सरकवत आडोशाला नेला, उंट लांबच्या तिरप्या रेषेवर बसवला, तर तो महेशचंद्रच्या वाटेने चालत असतो. ही दोन्ही माणसे एकाच पटावर वर्षानुवर्षे समोरासमोर बसली होती. त्यांचे डाव लिहून ठेवण्याचा कंटाळा कॉक्रेनने केला असता, तर आज तोलायला ना ती चाल उरली असती, ना तिच्यासमोर उभा राहणारा तो खेळाडू.